डोकं सोडायचं

मी खोटं बोलत नाही आणि हळू बोलत नाही. पहूरच्या बाजारात उभं राहून कोणालाही विचारा, निंबाभाऊंची धुरपदाबाई कशी आहे म्हणून. माणूस आधी कानाला हात लावेल, मग सांगेल. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिच्या जिभेला हाड नाही, पण मनात पाप नाही." पहिलं अर्धं मला कायम मान्य होतं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल या उन्हाळ्यात मला जरा शंका आली, ती सांगते.

गोष्ट बांधाची आहे. बांधाची म्हणजे भांडणाची, वेगळं काय सांगायचं! आमची जमीन एकाच गटातली. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी वाटणी केली ती तोंडी. पश्चिमेचं आमचं, पूर्वेचं त्यांचं. वरच्या टोकाला रस्त्याकडचा दगड, खालच्या टोकाला नाल्याकडचा दगड, दोन्हीत दोरी ताणली की हद्द. एका वर्षी नाल्याला पूर आला आणि खालचा दगड वाहून गेला. तेव्हा दोघे भाऊ बांधावर गेले. जिथं दगड होता तिथंच एक जुनी शतावरी होती, आपोआप उगवलेली, काटेरी, माणसाच्या कमरेइतकी. सासरे म्हणाले, "दगड कोणीबी उचलून नेते. हे काटेरी बया कोण उचलते?" झालं, ठरलं. त्या दिवसापासून शतावरी आमची हद्द.

शतावरी तुम्ही पाहिली असेल-नसेल. उन्हाळ्यात वरची वेल वाळते, बकऱ्या कुरतडतात, वाटतं मेली. खाली मात्र बोटाएवढ्या पांढऱ्या मुळांचे घोस असतात आणि मधोमध एक गड्डा. त्या गड्ड्याला आमच्या घरात डोकं म्हणतात. मुळं कितीही काढा, डोकं राहिलं की ती पुन्हा येते. डोकं गेलं की कारभार आटोपला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही घरं बांधावर जमायची. आपापल्या बाजूची मुळं आपण खणायची, मधलं डोकं सोडायचं, हा नियम. मुळं सोलायची, आतला दोरा ओढून काढायचा, दुधात शिजवायची. पितरांच्या घागरीपाशी दोन ठेवायची आणि बाकीची पुरणपोळीच्या ताटात. आमच्या सासऱ्यांना ती मुळं फारशी आवडत नव्हती, तरी खायचे. म्हणायचे, आपल्या बाजूचं खाल्लं म्हणजे आपली बाजू कोणती ते विसरत नाही.

मग सासरे गेले, चुलतसासरे गेले, आणि पलीकडचा नांगर चुडामणच्या हातात आला. चुडामण म्हणजे चुलतसासऱ्यांचा मुलगा, आमच्या ह्यांचा चुलतभाऊ, माझा दीर. दर वर्षी वीतभर बांध कोरायचा. मी ह्यांना सांगितलं की हे म्हणायचे, "जाऊ दे नं, भाऊच आहे नं." आमचे हे मूग गिळून बसण्यात पटाईत. फक्त शतावरीपाशी आला की चुडामणचा ट्रॅक्टर थांबायचा आणि वळसा घालून जायचा. बापाचा धाक असेल नाहीतर काट्यांचा. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच बांधावर उभी राहून त्याला सात पिढ्यांचं ऐकवलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला.

आता बोअरचं ऐका, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. आमच्या दोन बोअरी कोरड्या गेल्या. मग पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ धरून तो सगळं शेत फिरला, आणि नारळ उभा राहिला तो कुठं, तर शतावरीपासून तीन हात आमच्या बाजूला! मी म्हटलं, अरे बाबा, जरा इकडे सरकव की. तो म्हणाला, पाणी काय तुमच्या सांगण्यावर वाहतं का? तिथंच मारली, पाणी लागलं, आणि आमची सगळी केळी त्या एका बोअरवर उभी आहे. मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं तर केळीचे घड माना टाकतात. म्हणजे शतावरी तीन हात इकडे की तिकडे, यावर आमचं घर उभं की आडवं, इतकी साधी गोष्ट आहे.

फेब्रुवारीत एका दुपारी मी परसदारी तांदूळ पाखडत होते. मागच्या बोळातून मोहिनी आली. मोहिनी चुडामणची सून, ललितची बायको. पिंपळनेरकडची, बोलणं सगळं अहिराणी. इकडे पूर्वेला आमची बोली वेगळी. आपण 'आहे' म्हणतो तिथं तिचं 'शे', 'सगळा'ला 'बठ्ठा', आणि त्याला गल्लीतली पोरंसोरं हसायची. पोरांचं कशाला, मीही हसायचे. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आणि सासरी सासू नाही, ती वारली त्याला तीन वर्षं होतील. घरात दोन पुरुष आणि ही ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली.

"अक्का, तुमनाकडे बारीक चाळनी शे का?" म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं लपवत होती. मी म्हटलं, "चाळणीसाठी कोणी नऊ वर्षांचा अबोला मोडत नाही. काय काम आहे ते बोल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दूध उतरत नही, अक्का. पोर दिनभर रडस. बांधवरनी शतावरी काढू का थोडीशी?"

आता माझं दुर्दैव बघा. त्याच सकाळी तिच्या नवऱ्यानं बांधाचा आणखी एक घास घेतला होता आणि माझी तळपायाची आग अजून मस्तकातच होती. वर ही विचारते थोडीशी काढू का! मला तिला चिडवायचं होतं, म्हणून मी तिच्याच बोलीत, तिच्याच हेलात, मान वेळावून म्हटलं, "काढ ना वं माय, थोडीशी कसाले? बठ्ठीच काढी ले!"

पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वाकून माझ्या पाया पडली. मी मनात म्हटलं, किती बावळट आहे ही, टोमणाही कळत नाही. ती गेली, मी तांदूळ पाखडले, आणि विसरून गेले. माझ्या तोंडून दिवसाला इतकं काही जातं, मी कशाकशाचा हिशोब ठेवू!

एप्रिलात बांधावर गेले तर बांधच नव्हता. चुडामणनं रोटाव्हेटर घातला होता. आणि शतावरीच्या जागी सपाट माती. झुडूप नाही, काटा नाही, काडी नाही. मी जागच्या जागी मटकन बसले. मग उठले आणि जे बोलायला लागले ते गावापर्यंत ऐकू गेलं. मेल्यानं हद्दच उपटून खाल्ली! नऊ वर्षं ट्रॅक्टर थांबत होता, या वर्षी बरोबर गुंडाळून टाकली!

मोजणीचा अर्ज केला. तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पहिल्या तारखेला मोजणीवाले साहेब आलेच नाहीत, मी पोहे करून बसले होते. दुसऱ्या तारखेला आले, पण मशीनला आभाळातलं काहीतरी सापडेना. साहेब काठीला लावलेलं मशीन घेऊन दोन तास शेतात फिरले, मोबाइल आला की बाजूला जाऊन बोलले, चहा घेऊन परत गेले. तिसऱ्या तारखेला साहेब आले, मशीन आलं, आभाळातलं आलं, आणि चुडामण लग्नाला दोंडाईच्याला निघून गेला. समोरचा हजर नाही म्हणून मोजणी नाही. मी म्हटलं, "साहेब, जमीन तर हजर आहे!" साहेब हसले. मला हसू आलं नाही. घरी आले आणि सगळा राग ह्यांच्यावर काढला. हे वाटीतलं वरण ढवळत राहिले.

चौथी तारीख मेच्या मध्यावर. ऊन असं की माती चटके देत होती. साहेब, त्यांची दोन माणसं, गावातले चार रिकामटेकडे, आमचे हे, चुडामण, ललित. मोहिनी पाण्याची कळशी घेऊन आली होती, कडेवर पोर. लिंबाखाली उभी राहिली.

साहेबांनी मशीन फिरवलं आणि म्हणाले, "मावशी, गटाची बाहेरची हद्द मशीन सांगतं. आतली वाटणी तुमच्या घरातली, तिचा नकाशा आमच्याकडे नाही. वरचा दगड आहे. खालची जुनी खूण दोघांनी मिळून दाखवा, मी तिथं दगड लावतो. नाही जमलं तर वाद आहे असं लिहितो. मग तुम्ही जाणा आणि कोर्ट जाणे."

मी म्हटलं, "खूण होती साहेब. शतावरी. इथं." आणि बोअरच्या पूर्वेला तीन हातांवर पाय ठेवला.

चुडामण चालत चालत बोअरच्या पलीकडे, आमच्या बाजूला दोन हात आला आणि म्हणाला, "अठी होती."

म्हणजे बोअर त्याची! भरदिवसा, साहेबांसमोर! माझा तोंडाचा पट्टा सुटला. "अरे, बांध खाल्लास, शतावरी उपटून खाल्लीस, आता पाणी पितोस का माझं? बापानं ठरवलेली हद्द होती ती! लाज आहे का काही?"

"वहिनी, म्या शतावरीले हात नाही लावला," तो म्हणाला. "रोटाव्हेटर घातला तवा तिथं काहीच नव्हतं."

"नव्हतं? चालत गेली का ती? घे शपथ!"

"घेतो."

"अशी नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल. माझी शपथ आहे तुला. ठेव हात!"

 आमचे हे आयुष्यात बोलत नाहीत, ते म्हणाले, "धुरपदा, लेकराचं नको." पण मी थांबते होय! माझ्या डोळ्यांपुढे वाळलेली केळी होती. चुडामणही माझ्यासारखाच, आमच्या घराण्यात कोणी मागे सरत नाही. तरातरा लिंबाखाली गेला, सुनेच्या कडेवरच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्या शतावरी उपटली नाही. आणि होती ती अठीच होती, बोअरच्या पलीकडे."

आता आमच्याकडची रीत सांगते. शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, म्हणजे समोरच्याचं बोलणं मान्य केलं. तो म्हणेपर्यंत ती त्या डोक्यावर बसून राहते, आणि खोटी असेल तर ते डोकं भोगतं. तुम्ही म्हणाल खुळचटपणा. म्हणा. शाळकरी पोरंसुद्धा खेळता खेळता 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतात, ती काय उगाच? मी तर सोडणार नव्हते. मी चुडामणच्या हाताकडे बघत होते. बोटांची टोकं तेवढी टेकलेली, तळवा वर उचलून धरलेला. मला कळलं, हा खोटं बोललाय आणि याला भीती वाटतेय. अजून थोडं ताणायचं, हा मोडतोय. मी म्हटलं, "ठेव ठेव, असाच ठेव. साहेब, लिहून घ्या."

तेवढ्यात मोहिनी सासऱ्याच्या हाताखालून पोर काढून घेत माझ्याजवळ आली. पांढरीफटक पडली होती. इतकं हळू बोलली की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"अक्का, सुटनी म्हना. तुमना पाया पडस."

"का म्हणू?"

"अक्का, डोकं तठेच शे."

मी म्हटलं, "दिसतंय मला, डोकं तिथंच आहे ते! म्हणून तर तिथं हात ठेवायला लावला!"

ती रडायला लागली. "तसं नही, अक्का... मीच काढी ना शतावरी. तुम्हीच सांगं व्हतं ना, बठ्ठी काढी ले. बठ्ठा हसतस मना बोलनाले. तुम्ही मना आईसारखं, मना बोलीमा बोलल्या."

बाई गं. माझ्या पायाखालची माती सरकली म्हणतात ना, तसं झालं. ते परसदार, ते तांदूळ, मी मान वेळावून बोललेलं ते सगळं माझ्यापुढे उभं राहिलं. मी चिडवायला बोलले, आणि त्या आई नसलेल्या पोरीला वाटलं, सासरी आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी आपल्या माहेरच्या भाषेत मायेनं बोललं. म्हणून ती पाया पडली होती. बावळट ती नव्हती.

मी त्या लेकराकडे बघितलं. गाल कसे गुबगुबीत भरले होते, मूठ चोखत होतं. माझ्या हद्दीची मुळं अंगी लागली होती त्याच्या.

आता काय करायचं? ओरडून सांगावं, की चुडामण, तुझ्याच सुनेनं काढली, विचार तिला कुठून काढली ते? बोअर वाचली असती. पण ही वैऱ्याच्या दारात मागायला गेली होती, आणि आता वैऱ्याच्या बाजूनं साक्ष देणार. त्या घरात तिला उभं राहायला जागा उरली नसती, आणि माहेर तर नाहीच. बरं, गप्प बसून चुडामणला अजून ताणावं, तर तो मोडला असता, माझी खात्री होती. पण नसता मोडला तर? खोटी शपथ त्या इवल्याशा टाळूवर, आणि घातली कोणी? मी. मनात पाप नाही म्हणणारी मी!

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मावशी, काय ठरलं?"

माझ्या आयुष्यात एक शब्द बोलायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. मी चुडामणकडे बघून म्हटलं, "सुटली."

त्यानं इतक्या जोरानं श्वास सोडला की मला ऐकू आला. पण जागचा हलला नाही. मला वाटलं होतं, आता तरी म्हणेल, साहेब, माझं चुकलं. कसलं काय! कपाळावरचा घाम पुसला, बस. साहेब म्हणाले, "म्हणजे यांनी दाखवलेली खूण मान्य?" मी मान हलवली. त्यांच्या माणसांनी बोअरच्या पलीकडे, आमच्या बाजूला दगड ठोकला. चुडामणनं सही केली. मी केली. आमच्या ह्यांनी केली, आणि माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मला ओळखतच नाहीत.

जाता जाता ललित म्हणाला, "काकू, मृगापर्यंत पाणी घ्या. मग आम्ही आमचं बघू."

आमच्या बोअरचं पाणी आम्हाला भीक म्हणून! मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. ते जमेना, म्हणून मी बोअरच्या पाइपाला सणसणीत लाथ हाणली. पाइपाचा सांधा निसटला, पाण्याची चिळकांडी उडाली, माझा अंगठा सुजला, आणि गावातले चार रिकामटेकडे हसले. असं माझं भांडण संपलं.

पुढचे दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. बेबाबाई, आमची शेजारीण, दोनदा येऊन विचारून गेली, "अक्का, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं असायला काय झालं?" ह्यांना रोज म्हणत होते, तो सांधा बांधा, पाणी वाया जातंय. हे रोज म्हणायचे, उद्या. मोटर लावली की पाणी त्या सांध्यातून गळायचं आणि उतारानं पूर्वेकडे जायचं. म्हणजे चुडामणच्या नव्या जमिनीत! माझं पाणी, माझीच लाथ, आणि ओल कोणाच्या रानात? जळलं मेलं नशीब.

बाराव्या दिवशी मी म्हटलं, ह्यांच्या उद्याला आग लागो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेतली आणि सकाळी स्वतःच सांधा बांधायला गेले. वाकले, आणि ओल्या मातीत काहीतरी दिसलं. बोअरच्या पूर्वेला, तीन हातांवर, जिथं मी साहेबांना पाय ठेवून दाखवलं होतं तिथं. एक कोंब. तांबूस, करंगळीएवढा, टोकाला खवले खवले. मी गुडघ्यावर बसले आणि हातानं माती उकरली. वीतभर खाली बोटाला गड्डा लागला. गोल, टणक, भोवती तोडलेल्या मुळांच्या खुणा, बाहेरून सगळीकडून माती नीट दाबून बसवलेली.

डोकं! डोकं तिथंच होतं!

'अक्का, डोकं तठेच शे.' ती लेकराचं डोकं सांगत नव्हती. ती शतावरीचं डोकं सांगत होती. तिला मी म्हटलं होतं सगळी काढ, तरी त्या पोरीनं मुळं तेवढी घेतली होती आणि घरच्या नियमानं डोकं सोडून वर माती लोटली होती. रोटाव्हेटर वरवर खरवडून गेला, त्याला ते लागलंच नाही. आणि भर उन्हात ती मला नीट सांगत होती, खूण तिथंच आहे, खणून बघा, नुसतं सुटली म्हणा आणि खणा. आणि मी शहाणी तिलाच उलट बोलले!

मी तिथंच बसून स्वतःला जे बोलले ते चुडामणलाही कधी बोलले नव्हते. मोहिनी सोडून अकरा माणसं होती बांधावर. एक मशीन होतं, आभाळातून बघणारं. आणि एकालाही सुचलं नाही की वीतभर खणून बघावं. शपथा घालतो, शपथा घेतो, सह्या करतो, पण कुदळ कोणी उचलत नाही. आता उगवली ही बया, सह्या झाल्यावर. बैल गेला अन् झोपा केला. आणि साहेबांच्या कागदात काय लिहायचं, की शतावरीनं हरकत घेतली म्हणून? मला रडू येत होतं आणि माझ्याच मूर्खपणाचा राग येत होता, दोन्ही एकदम.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. चुडामण. पेरणीआधी नवीन दगडापर्यंत रान फिरवून घ्यायला आला होता. म्हणजे हा कोंब सरळ पात्याखाली. मागून मोहिनी त्याची न्याहारी घेऊन येत होती, पोर कडेवर. मी ताडकन उठले. तोंडात सगळं तयार होतं. थांब मेल्या, बघ तुझ्या बापाची हद्द, बघ तुझं खोटं, कोंब फुटलाय त्याला! मोहिनीनं मला बघितलं, खाली ओली उकरलेली माती बघितली, आणि लांबूनच मान हलवली. त्या दिवशी लेकरासाठी ती जिवावर उदार झाली होती, आता शपथ सुटली होती. नको, अक्का. बोलाल तर उद्या घरात विचारतील, डोकं कोणी पुरलं होतं.

मी पदराचा बोळा केला आणि दातांत धरला. खरं सांगते, माझ्याकडून दुसऱ्या कशानं गप्प बसणं होण्यासारखं नव्हतं.

ट्रॅक्टर येत येत माझ्यापाशी आला. चुडामण हात करून मला बाजूला व्हायला सांगत होता. मी बाजूला झाले. तेव्हा त्याला ते दिसलं. ट्रॅक्टर थांबला. इंजिन तसंच धडधडत ठेवून तो खाली उतरला, उकिडवा बसला, कोंबाला बोट लावलं, मग माती सारून गड्डा चाचपला. लहानपणी बापाबरोबर दर आखाजीला तिथंच बसलेला तो, त्याला कोणी सांगायला नको होतं. मग त्यानं मागे वळून सुनेकडे बघितलं. ती पोरीला पाजायला तिकडे तोंड करून बसली होती. कितीतरी वेळ तो त्या दोघींकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. काहीतरी बोलेल. मी पदर आणखी घट्ट चावला.

तो उठला, उकरलेली माती दोन्ही हातांनी गड्ड्यावर परत लोटली आणि ट्रॅक्टरवर चढला. स्टिअरिंग फिरवलं आणि कोंबाला वळसा घालून, पूर्वी जायचा तसाच, आपल्या बाजूनं परत गेला. कोंबापासून नव्या दगडापर्यंतची जमीन, बोअरसकट, तशीच सोडली. पुढच्या फेरीलाही सोडली. त्याच्या पुढच्याही. दगड आहे तिथंच आहे, कागद आहे तसाच आहे, आणि चुडामण कबूल म्हणून एक अक्षर बोलला नाही.

शेवटच्या फेरीला मात्र माझ्याजवळ येऊन त्यानं ट्रॅक्टर हळू केला. नऊ वर्षांत साध्या आवाजात बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

"वहिनी, तुमचा सांधा गयते. बांधून घ्या."

माझ्या हातात ट्यूबची पट्टी होती. तोंडात पदर होता, तो काढला. नऊ वर्षांनी बोललास ते हे? असं म्हणणार होते. खाली बघितलं, पाणी उतारानं कोंबापाशी जात होतं.

"गळू दे, भाऊ," मी म्हटलं.